भरलेला सिलेंडर आत, रिकामा बाहेर : यीस्टच्या एका जीनची गोष्ट

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत दादाकडे गेले होते. दादा एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, हंगाम चालू असला की घरी कमी आणि कारखान्यात जास्त, त्यामुळे म्हटलं आपणच जाऊ तिकडे. बरोबर भाचा होता, यंदा बारावी सायन्सला. गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत मळीचा तो गोड-आंबट वास, आणि फर्मेंटरच्या टाकीत वरून बघितलं तर नुसता फेस आणि खालून सारखे बुडबुडे, जसं काही कुणी मंद गॅसवर उकळायला ठेवलंय. दादा म्हणाला हे सगळं यीस्ट करतंय, मळीतली साखर खातंय आणि अल्कोहोल सोडतंय. त्यावर पोरगं मला विचारतं, "आत्या, खातं म्हणजे? तोंड कुठाय त्याला?"

हसण्यासारखा वाटला तरी प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर देत देत आम्ही त्या दिवशी परतीच्या गाडीत एका जीनपर्यंत पोचलो ज्याचं नाव व्हीआरजी-४. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण अकरावी-बारावीला शिकवताना "गोल्गी बॉडी म्हणजे पॅकिंग डिपार्टमेंट" एवढ्या एका ओळीत हा विषय संपतो आणि दरवेळी मला वाटतं की यातली खरी गंमत तर सांगायचीच राहिली.

तर आधी तोंडाचं बघू. मळीत जी साखर असते ती मुख्यतः आपली नेहमीचीच साखर, म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन तुकडे जोडलेले. यीस्ट बहुतेक वेळा हा जोडतुकडा तसाच आत घेत नाही, ते एक एन्झाइम बनवून बाहेर पाठवतं, इनव्हर्टेज, ते तिथेच सुक्रोज तोडतं आणि मग सुटे तुकडे आत घेतले जातात. म्हणजे आधी बाहेर चावायचं आणि मग गिळायचं. ऊसवाल्यांना ही तोडफोड वेगळ्या अंगाने चांगलीच माहितीय, ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडून राहिला की उतारा घटतो म्हणतात ना, त्यात उसातल्या इनव्हर्टेजचा मोठा हात असतो.

आता हे इनव्हर्टेज यीस्टच्या पेशीच्या आत बनतं आणि जायचंय बाहेर. ते उघडंनागडं बाहेर जात नाही, त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्या चढवलेल्या असतात, आणि थोड्याथोडक्या नाही, बाहेर आलेल्या इनव्हर्टेजचं साधारण निम्मं वजन या साखळ्यांचंच असतं. या साखळ्यांमधली साखर म्हणजे मॅनोज, ग्लुकोजचीच चुलत बहीण म्हणा. यीस्टची जी बाहेरची भिंत असते तिच्या सगळ्यात वरच्या थरातली प्रोटीनंही अशीच मॅनोजने लगडलेली असतात, एकेका साखळीत दोनशेच्या आसपास मॅनोज जाऊ शकतात. ही भिंत धड नसेल तर यीस्ट टिकत नाही.

हे साखळ्या चढवायचं काम दोन ठिकाणी होतं. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते त्यामुळे मला हे नेहमी त्याच भाषेत दिसतं. मागावरून टॉवेल उतरला म्हणजे तो तयार झाला असं नाही, त्यानंतर ब्लीचिंग, डाइंग, मग कटिंग, कडेची शिलाई, लेबल, घडी, आणि मग गठ्ठा बांधून कुठल्या पार्टीला जायचाय तिकडे रवाना. पेशीत माग म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, ईआर म्हणू, तिथे प्रोटीन विणलं जातं आणि साखरेची पहिली छोटी साखळी तिथेच अडकवतात. पुढचं सगळं फिनिशिंग गोल्गीत. कामिलो गोल्गी या इटालियन डॉक्टरांनी १८९८ मध्ये चेतापेशींना चांदीचा क्षार लावून ही जाळी पहिल्यांदा पाहिली, आणि पुढची पन्नास वर्षं शास्त्रज्ञ भांडत होते की हे खरंच पेशीत आहे की रंगामुळे पडलेला डाग आहे, १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसलं तेव्हा तो वाद मिटला.

यीस्टच्या गोल्गीत कामगार भरपूर आहेत, म्हणजे मॅनोज जोडणारी एन्झाइम्स. एक जण पहिला मॅनोज लावतो, मग दुसरे साखळी लांबवत नेतात, तिसरे तिला फांद्या फोडतात. पण कच्चा माल? मॅनोज तयार होतं ते गोल्गीच्या बाहेर, पेशीच्या मोकळ्या पातळ भागात. आणि तेही सुटं नसतं, त्याला एक दांडा जोडलेला असतो, जीडीपी. इथे जीडीपी म्हणजे पेपरात येतो तो नव्हे, ग्वानोसिन डायफॉस्फेट, ज्या अक्षरांनी डीएनए-आरएनए बनतात त्याच घराण्यातला एक रेणू आणि त्याला दोन फॉस्फेट. हा दांडा असला की मॅनोज कामाला तयार असतं, एन्झाइमला ते पटकन तोडून जोडता येतं, नुसतं मॅनोज दिलं तर एन्झाइम हातही लावत नाही.

अडचण अशी की गोल्गीला चारी बाजूंनी चरबीचा पातळ पडदा आहे, आणि जीडीपी-मॅनोज हा मोठा, विजेचा भार असलेला, पाण्यात रमणारा रेणू. तेलातून पाणी जसं जात नाही तसा हा त्या पडद्यातून जात नाही. म्हणजे आत कामगार बसलेत, मागावरून माल येतोय, आणि रंगाचे पिंप बाहेर रस्त्यावर. मधे दरवाजा पाहिजे. तो दरवाजा म्हणजे व्हीआरजी-४ या जीनपासून बनणारं प्रोटीन.

हा दरवाजा सापडला कसा ते मला या सगळ्यात जास्त आवडतं, कारण कुणी दरवाजा शोधायला निघालंच नव्हतं. व्हॅनेडेट नावाचं एक रसायन आहे, फॉस्फेटसारखं दिसतं आणि त्यामुळे पेशीत ज्या ज्या एन्झाइमना फॉस्फेट लागतं त्यांच्या कामात ते घोळ घालतं, बऱ्याच यीस्टना ते विष आहे. व्हॅनेडेट घातलेल्या प्लेटवर यीस्ट पसरायचं आणि बघायचं कोण वाचतं. डोळ्यासमोर आणा, अगर नावाच्या जेलीची गोल प्लेट, त्यावर लाखो पेशी टाकल्यात, दोन-तीन दिवसांनी बघितलं तर सगळीकडे सामसूम आणि मधेच कुठेतरी साबुदाण्याच्या दाण्याएवढे चार-दोन पांढरे ठिपके. ते वाचलेले. आता ते का वाचले?

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या बॅलू यांच्या गटाने हे वाचलेले यीस्ट तपासले आणि निघालं भलतंच, त्यांच्या प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्या अर्धवट होत्या. म्हणजे विषाला टिकणारे बरेचसे यीस्ट हे फिनिशिंगमध्ये अडलेले यीस्ट होते. पुढे हेही लक्षात आलं की असेच यीस्ट हायग्रोमायसिन-बी नावाच्या अँटिबायोटिकला मात्र नेहमीपेक्षा लवकर बळी पडतात. एका विषाला टणक आणि दुसऱ्याला नाजूक, ही जोडी म्हणजे लॅबवाल्यांसाठी खूणगाठच झाली, हजारो यीस्टमधून साखळीचा दोष असलेले वेचून काढायला.

साखळी नीट आहे की नाही हे बघायचं कसं, तर परत आपलं इनव्हर्टेज. यीस्टमधून प्रोटीन काढायचं, जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायचं, जड आणि फोफावलेलं प्रोटीन मागे राहतं आणि हलकं पुढे जातं. मग ती वडी साखरेच्या पाण्यात ठेवायची आणि वर एक रंग टाकायचा, जिथे इनव्हर्टेज असेल तिथे साखर तुटते आणि तेवढीच जागा लाल होते. निरोगी यीस्टचं इनव्हर्टेज वरच्या बाजूला पसरट, धुरकट लाल ढगासारखं दिसतं, कारण प्रत्येक रेणूवरच्या साखळ्यांची लांबी कमी-जास्त असते. दोष असलेल्या यीस्टचं मात्र खाली सरकलेलं, आखूड. विद्यार्थ्यांना मी हा फोटो दाखवते तेव्हा कुणाला काही समजवावं लागत नाही, दोन्ही शेजारी ठेवले की मागच्या बेंचवरून आवाज येतो, मॅडम ह्याचं फिनिशिंग झालेलं नाही.

त्यातल्याच एका दोषाचा जीन म्हणजे व्हीआरजी-४. नावातली अक्षरं व्हॅनेडेट रेझिस्टन्स आणि ग्लायकोसिलेशन यांच्यावरून. गंमत म्हणजे याच जीनला व्हॅन-२, व्हिग-४, गॉग-५ अशीही नावं आहेत, कारण वेगवेगळ्या लॅब वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि शेवटी कळलं की सगळे एकाच दारात उभे आहेत. यीस्टच्या सोळा क्रोमोझोमपैकी सातव्यावर हा बसतो, आणि त्याचं प्रोटीन फक्त ३३७ अमिनो आम्लांचं, तसं छोटंच.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात नेटा डीन यांच्या लॅबने यावर बरीच वर्षं काम केलं. १९९६ च्या त्यांच्या पेपरमध्ये हे आलं की हा जीन पूर्ण काढून टाकला तर यीस्ट जगतच नाही. हे फार मोठं विधान आहे बरं का. यीस्टमध्ये साधारण सहा हजार जीन आहेत आणि त्यातले बहुतेक एकेक करून काढले तरी यीस्ट रखडत का होईना जगतं, दर सहात एखादाच असा असतो जो काढला की खेळ खलास. म्हणजे प्रश्न नुसता सजावटीचा नव्हता. मग असा जीन अभ्यासायचा कसा, तर पूर्ण मोडलेला नाही, अर्धवट बिघडलेला घ्यायचा, दार निखळलेलं नाही पण बिजागरी गंजलेली आहे असा.

आता पुढचा भाग नीट वाचा कारण खरं डोकं इथे लागलंय. अर्धवट बिघडलेल्या यीस्टमध्ये बघितलं तर प्रोटीनवरच्या एका प्रकारच्या साखळ्या तोकड्या. ठीक, मग साखळी लांबवणारा कामगार आजारी असेल. पण दुसऱ्या प्रकारच्या साखळ्या, ज्या वेगळ्या जागी वेगळे कामगार लावतात, त्याही तोकड्या. आणि चरबीच्या काही रेणूंनाही गोल्गीत मॅनोज लावतात, ज्यांचा प्रोटीनशी काही संबंध नाही, तिथेही मॅनोज कमी. आता कारखान्याचाच विचार करा, डाइंग बंद, छपाई बंद, पलीकडच्या शेडमधलं चादरीचं खातंही बंद, आणि सगळे एकदम, तर तुम्ही तीन खात्यांच्या तीन मुकादमांना धराल का? नाही ना, तुम्ही गेटवर जाऊन बघाल की रंगाची गाडी आत आली का. तेच त्यांनी केलं. यीस्ट फोडून गोल्गीचे छोटे छोटे फुगे वेगळे केले, बाहेर किरणोत्सारी खूण केलेलं जीडीपी-मॅनोज ठेवलं आणि मोजलं किती आत गेलं. निरोगी फुग्यांनी ओढून घेतलं, बिघडलेल्यांमध्ये फारसं गेलंच नाही. १९९७ मध्ये हे छापून आलं आणि व्हीआरजी-४ हे दाराचं काम करतं हे पक्कं झालं.

पण दार म्हणजे नुसतं भोक नाही, आणि इथे मी भाच्याला सिलेंडर आठवायला लावला. गॅसवाला घरी येतो तेव्हा भरलेला सिलेंडर असाच ठेवून जातो का? नाही, रिकामा दिला तरच भरलेला. गोल्गीच्या दारात हेच चालतं. आत आलेल्या जीडीपी-मॅनोजमधलं मॅनोज एन्झाइमने काढून साखळीला लावलं की हातात राहतो नुसता जीडीपी. तो तसाच साचला तर कामगारांच्याच मधे येतो, त्यांना काम करू देत नाही. म्हणून आत आणखी एक एन्झाइम असतं, जीडीए-१, ते जीडीपीचा एक फॉस्फेट तोडतं आणि उरतो जीएमपी. रेग्युलेटर काढल्याशिवाय रिकामा सिलेंडर परत देता येत नाही तसंच समजा. मग तो जीएमपी त्याच दारातून बाहेर जातो आणि त्याच्या बदल्यात एक नवीन जीडीपी-मॅनोज आत येतं. एकास एक, उधारी नाही. जीडीए-१ वर अबेइजॉन आणि हिर्शबर्ग यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं की हे एन्झाइम काढलं तर यीस्ट मरत नाही पण साखळ्या आखडतात, म्हणजे रिकामे सिलेंडर वेळेवर तयार झाले नाहीत की भरलेले येणंही मंदावतं. हे मला फार सुंदर वाटतं, की आत किती येणार हे आत किती खपलं यावर ठरतं, वेगळा हिशेब ठेवायला कुणी लागतच नाही.

यापुढचा प्रश्न होता दार ओळखतं कसं. पेशीत दांडा लावलेल्या साखरा कितीतरी आहेत, काहींना जीडीपीचा दांडा, काहींना यूडीपी नावाचा त्याच जातीचा दुसरा दांडा. डीन यांच्या गटाने २००१ मध्ये या प्रोटीनमधली पाच अमिनो आम्लांची एक ओळ दाखवली, ग्लायसीन, अॅलॅनिन, ल्युसिन, अॅस्परॅजिन, लायसिन, जी वेगवेगळ्या बुरशींच्या याच दारात जशीच्या तशी आढळते. या ओळीत बिघाड झाला की जीडीपी-मॅनोजवरची पकड ढिली पडते. तेव्हा हा अंदाज जीन मोडून-जोडून काढलेला होता, प्रत्यक्ष दार कुणी पाहिलं नव्हतं, कारण पडद्यात रुतलेल्या प्रोटीनचे स्फटिक बनवणं भयंकर कठीण, पडद्यातून बाहेर काढलं की ते गोळा होऊन बसतात.

२०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या जोआन पार्कर आणि सायमन न्यूस्टेड यांनी ते जमवलं, नेचर या विज्ञान मासिकात आलं होतं. गोल्गीतल्या अशा दाराची नीट रचना जगाने पहिल्यांदा पाहिली. पडद्यातून आरपार गेलेल्या दहा मळसूत्री दांड्या, अशा उभ्या की मधे एक खोबण तयार होते. त्या खोबणीत एका बाजूला ती पाच जणांची ओळ, ती मॅनोज धरते. दुसऱ्या बाजूला अमिनो आम्लांची आणखी एक ओळ, ती जीडीपीच्या दांड्याचा ग्वानिनवाला भाग धरते, म्हणून यूडीपीवाल्या साखरा इथे बसतच नाहीत. दोन्ही टोकं जुळली तरच माल पक्का धरला जातो. आणि दार कधीच आरपार उघडं नसतं. सराफ कट्ट्यावरच्या काही दुकानांना दोन दरवाजे असतात बघा, बाहेरचा बंद झाल्याशिवाय आतला उघडत नाही, तसं. बाहेरच्या बाजूला उघडं, माल बसला, बाहेरून मिटलं, आतून उघडलं, माल सोडला, रिकामा जीएमपी घेतला, परत. आणखी एक शोध लागला, हे दार चालायला आजूबाजूच्या पडद्यातली चरबीही ठरावीक लागते, आखूड शेपटीची, गोल्गीचा पडदा ईआरइतका पातळही नाही आणि पेशीच्या बाहेरच्या पडद्याइतका जाडही नाही, त्या जाडीशी या दाराचं जमतं.

इथे गाडीत भाच्याने विचारलं की हे सगळं यीस्टचं झालं, आपल्याला काय. रागाने नाही, खरंच विचारलं. तर दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही आपल्या अगदी जवळच्या आहेत.

पहिली. २०२१ चा उन्हाळा आठवतो ना, कोविड बरा होऊन घरी आलेल्या लोकांना ब्लॅक फंगस झाला, सोलापुरातही कितीजण अँफोटेरिसिनची इंजेक्शनं शोधत या मेडिकलमधून त्या मेडिकलला फिरत होते, आमच्या गल्लीतल्या एका काकूंसाठी आम्ही रात्री दीडला पुण्याला फोन लावत बसलो होतो. इंजेक्शन मिळालं तरी डॉक्टर रोज किडनी तपासत होते. बुरशीवरची औषधं इतकी थोडी आणि त्यातली काही इतकी जड का असतात? कारण बुरशी ही बॅक्टेरियासारखी परकी नाही, तिची पेशी आपल्या पेशीच्या जातीचीच, केंद्रक तसंच, ईआर तसंच, गोल्गी तसंच. तिच्यातलं जे काही मोडायला जावं ते बहुतेक आपल्यातही असतं आणि आपलंही मोडतं. पण जीडीपी-मॅनोजचं गोल्गीतलं दार आपल्यात नाहीच. माणसाच्या गोल्गीत मॅनोज लावत नाहीत, उलट ईआरमध्ये लावलेल्यातले काही मॅनोज छाटून टाकतात आणि त्या जागी दुसऱ्या साखरा चढवतात. तोंडात, अन्ननलिकेत आणि आयसीयूतल्या रुग्णांच्या रक्तात होणारा कॅन्डिडा, त्याच्यातही व्हीआरजी-४ आहे आणि त्यालाही त्याच्याशिवाय जगता येत नाही. म्हणून हे दार बंद करणारं औषध बनवता आलं तर मार बुरशीला बसेल आणि आपल्याकडे मोडायला ते दारच नसेल. असं औषध आज दुकानात नाही, ते आधी बुरशीच्या भिंतीतून आत पोचायला हवं, मग त्या खोबणीत मूळ मालापेक्षा घट्ट बसायला हवं, आणि म्हणूनच २०१७ चं ते खोबणीचं चित्र इतकं मोलाचं. काळा आजार करणारा लिश्मानिया, बिहारकडे ज्याचा त्रास आहे, त्याच्यातही याच घराण्यातलं जीडीपी-मॅनोजचं दार आहे, एलपीजी-२ नावाचं. नाव वाचून भाचा म्हणाला बघ आत्या, इथेपण सिलेंडर.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला जो तपासणीत ओ सारखा दिसतो पण ओ गटाचंही रक्त चालत नाही, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए, बी, ओ या सगळ्यांच्या मुळाशी लाल पेशींवर एच नावाची एक खूण असते आणि तिचं टोक म्हणजे फ्यूकोज नावाची साखर. बॉम्बे गटात ती साखर चढवणारा कामगारच नसतो, म्हणून एच नाही आणि वरचे ए-बी पण नाहीत. बाकी त्या माणसाची तब्येत ठणठणीत असते, फक्त रक्त लागलं तर पंचाईत.

आणि १९९२ मध्ये इस्रायलमधून दोन मुलांची नोंद आली, दोघांचाही रक्तगट बॉम्बे, पण ही मुलं ठणठणीत नव्हती, सारखे जंतुसंसर्ग, वाढ खुंटलेली, आणि रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असूनही त्या जखमेपर्यंत पोचत नव्हत्या. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या कडेला अडखळत थांबते ती तिच्या अंगावरच्या फ्यूकोजवाल्या खुणेमुळे, ती खूणच नाही तर पेशी वाहतच जाते. आता वरचं डाइंग-छपाईचं आठवा. लाल पेशींवर फ्यूकोज नाही, पांढऱ्यांवर नाही, बाकी ठिकाणीही नाही, सगळी खाती एकदम बंद. म्हणजे कामगार नाही, गेट. २००१ मध्ये तो जीन सापडला, माणसाच्या गोल्गीतलं जीडीपी-फ्यूकोजचं दार, यीस्टच्या त्या दाराचा लांबचा भाऊबंद. हा आजार असलेल्या काही मुलांना फ्यूकोज तोंडावाटे द्यायला लागल्यावर संसर्ग कमी झाले, कारण त्यांचं दार पूर्ण बंद नव्हतं, गंजलेलं होतं, बाहेर माल भरपूर वाढवला की थोडाफार आत सरकत होता. ज्यांचं दार गंजापलीकडे गेलेलं त्यांना तेवढा फायदा झाला नाही. एका पोराला रोज साखर चाटवून त्याचा ताप थांबतो, आणि तो का थांबतो हे आपल्याला नेमकं सांगता येतं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

औषध कंपन्यांनाही हे दार नडतं, ते थोडक्यात. यीस्टकडून माणसाची प्रोटीनं बनवून घ्यायची म्हटली की यीस्ट त्यावर सवयीने मॅनोजच्या लांबलचक साखळ्या लादतं आणि आपलं शरीर असं प्रोटीन रक्तातून चटकन काढून टाकतं. २००३ मध्ये एका प्रकारच्या यीस्टमध्ये मॅनोजची साखळी सुरू करणारा कामगार काढून माणसासारखे कामगार बसवले, पण नुसते कामगार बसवून भागलं नाही, त्यांना लागणारी वेगळी साखर आत यावी म्हणून दुसऱ्या यीस्टमधलं वेगळं दारही आणून बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दादाने बाटलीत थोडं फर्मेंटरचं पाणी दिलं होतं ते घेऊन आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो. एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, चाळीसचं लेन्स. अंडाकृती पेशी, कितीतरी, आणि त्यातल्या बऱ्याच पेशींच्या कडेला एक छोटी कळी फुटलेली. भाचा म्हणाला गोल्गी दाखव. म्हटलं या मायक्रोस्कोपने नाही दिसणार, आणि यीस्टचा गोल्गी पुस्तकातल्या आकृतीसारखा चपात्यांच्या चवडीसारखा नसतोच, वेगवेगळ्या चकत्या पेशीभर विखुरलेल्या असतात. पण ती कळी बघ. तिची भिंत आत्ता बनतेय, त्या भिंतीला लागणारं मॅनोज लावलेलं प्रोटीन आत्ता आत तयार होऊन तिकडे चाललंय, म्हणजे त्या चकत्यांच्या दारांतून या मिनिटाला माल आत-बाहेर होतोय. तो डोळा लावून बसला. मी फ्लास्क धुतले, टेबल पुसलं, पंखा बंद केला, तरी उठेना. मग म्हणाला, आत्या, मघाशी नव्हती ती कळी आत्ता मोठी झालीय का बघ जरा.